हँडल पूर्ण डावीकडे वळवा आणि वायरी बघा

माझ्या पहिल्या मोटरसायकलची सबफ्रेम, म्हणजे सीट आणि मागचं सामान पेलणारा मागचा सांगाडा, तुटली तेव्हा मी एकटीच होते. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते आणि पुढे ४० किलोमीटर खडीचा रस्ता होता. गाडी मागून डुलायला लागली म्हणून आधी वाटलं, पंक्चर. उतरून टायर दाबलं तर हवा नीट होती. डावी बॅग धरून हलवली, तर बॅगेबरोबर सीटचा मागचा भागही हलला. सामान उतरवलं, मोबाईलचा टॉर्च लावला. शॉकअपच्या वर जिथे सबफ्रेमची नळी मुख्य चासीला जोडलेली असते, तिथे वेल्डिंगच्या टाक्याच्या अगदी कडेने केसाएवढा तडा नळीच्या तीन बाजूंनी फिरला होता. तड्याच्या तोंडाशी तांबूस पूड साचली होती. म्हणजे तडा त्या दिवशीचा नव्हता. कित्येक दिवस तो उघडमीट करत होता आणि आतलं लोखंड गंजून बाहेर येत होतं.

वेल्डिंग तपासणं हेच माझं काम आहे. गेली चौदा वर्षं मी दाबाच्या टाक्यांचे जोड तपासते. वितळलेला धातू मूळ पत्र्याला जिथे भेटतो तिथे बारीक चर राहिला तर त्याला आम्ही अंडरकट म्हणतो. तो दिसला की जोड परत पाठवायचा, कारण हादऱ्यांचा सगळा ताण त्या चरात गोळा होतो. असा जोड एका मोठ्या धक्क्याने सहसा मोडत नाही, तो लाखो लहान हादऱ्यांनी फाटत जातो. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण गाडी घेताना मी टाकीचा रंग पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकला, पॉवरचा आकडा वाचला आणि सही केली. सीटखाली वाकून पाहिलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

एका वेल्डरने रात्री साडेनऊपर्यंत थांबून मला मार्गी लावलं. त्याने आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवायला लावल्या, कारण वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, जातो. मग तडा घासून काढला, नळीत सळई सरकवली आणि वरून टाका मारला. सबफ्रेम लोखंडी होती म्हणून हे जमलं. अॅल्युमिनियमची असती तर त्याच्या साध्या आर्क मशीनने काही झालं नसतं, टिग नावाचं वेगळं, जास्त नाजूक वेल्डिंग लागलं असतं.

यंदा नवी अॅडव्हेंचर गाडी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही सामान घेऊन लांब जाणारी मोटरसायकल, घ्यायची ठरली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, या वेळी आधी गाडी तपास, मग आवडून घे." आम्ही पाहायला तीन गाड्या नक्की केल्या. सर्वांत महाग गाडीच्या किमतीत सर्वांत स्वस्त गाडी घेऊन वर टायर, बॅगा, रायडिंगचे बूट आणि दोन मोठे प्रवास झाले असते. मला एवढंच शोधायचं होतं की हा जास्तीचा पैसा गाडीच्या कुठल्या भागात गेलाय. धातूत, जोडात, वायरीत गेला असेल तर तो मला परत मिळतो. नुसता स्क्रीनवर आणि स्टिकरवर गेला असेल तर नाही. तिन्ही गाड्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण मी प्रत्येकीचा एकेकच नग पाहिलाय.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगते. चकचकीत नवी गाडी बघू नका, टेस्ट राईडची गाडी बघा. तिच्यावर पाच-सात हजार किलोमीटर झालेले असतात, अनेक हातांनी ती वापरलेली असते, दोन-चारदा पडलेलीही असते. तिने काय सोसलं ते तिच्या अंगावर लिहिलेलं असतं.

सर्वांत महाग गाडीशी मी अशीच गुडघ्यावर बसले आणि भावाला हँडल पूर्ण डावीकडे वळवायला सांगितलं. हेडलाईटच्या मागून वायरींचा जुडगा चासीकडे जातो, तो हँडल वळताच तारेसारखा ताणला गेला. उजवीकडे वळवलं की ढिला पडून चासीच्या पत्र्याच्या कडेवर टेकायचा. टेकायचा तिथला रंग बोटभर लांबीत उडाला होता आणि जुडग्यावरची काळी टेप त्याच जागी चकाकत होती. अजून वायर उघडी पडलेली नव्हती. पण रोज शेकडो वेळा वळणाऱ्या हँडलखाली, चिखल आणि वाळूच्या साथीने, ती कधीतरी उघडी पडणारच. त्या गाडीला सात इंची रंगीत स्क्रीन होता, आणि स्क्रीनला जाणारी वायर त्याच जुडग्यातून जात होती. मधल्या किमतीच्या गाडीत हाच जुडगा मऊ रबरी नळीतून घेतला होता, दोन ठिकाणी क्लिपने धरला होता आणि दोन्ही टोकांना पुरेल एवढा सैल ठेवला होता. हे करायला कंपनीला फार खर्च येत नाही. कुणीतरी हँडल वळवून बघितलेलं असावं लागतं, एवढंच.

म्हणून गाडीची बांधणी म्हणजे जाड पत्रा, असं मला वाटत नाही. या गाडीचं पुढे काय काय होणार आहे याचा विचार करणारीचं किंवा करणाऱ्याचं कारखान्यात किती ऐकलं गेलं, ते मला बांधणीत दिसतं.

अॅडव्हेंचर गाडीचं पुढे काय होणार, तर ती पडणार. म्हणून पडल्यावर आधी काय टेकतं ते बघायचं. गिअरचा लिव्हर घडीव लोखंडाचा असेल तर वाकतो आणि दगडाने ठोकून सरळही होतो. ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर मोडतो. काही क्लच लिव्हरना टोकाकडे मुद्दाम खाच ठेवलेली असते, म्हणजे तुटला तर तिथेच तुटेल आणि दोन बोटांपुरता लिव्हर हातात राहील. अशी खाच दिसली की मला बनवणाऱ्याबद्दल आदर वाटतो. इंजिनाखालची प्लेट बोटाने वाजवून बघा. तीन-चार मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट आणि तिच्यासारखंच रंगवलेलं प्लास्टिक लांबून सारखंच दिसतं.

रेडिएटरचंही तसंच. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली तेव्हा ४११ सीसीची होती, हवेवर आणि ऑइलवर थंड होणारी, साधारण २४ हॉर्सपॉवरची. २०२३ साली आलेलं नवं इंजिन ४५२ सीसीचं, लिक्विड कूल्ड म्हणजे द्रवावर थंड होणारं, ४० च्या आसपास पॉवरचं. गाडीचं वजन मात्र २०० किलोच्या आसपासच राहिलं. चढावर सामान घेऊन जाणाऱ्याला हा फरक मोठा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पण त्याबरोबर रेडिएटर, होस, पंप, पंखा एवढ्या वस्तू वाढतात. लिक्विड कूल्ड गाडी कुठल्याही कंपनीची घ्या, रेडिएटरला जाळी आहे का, आणि गाडी आडवी पडली तर क्रॅश गार्ड त्याच्या आधी जमिनीला लागतो का, हे बघूनच घ्या.

सबफ्रेमचं उत्तर एकाच नावाच्या गाडीतही बदलतं. होंडाच्या आफ्रिका ट्विनची १००० सीसीची गाडी होती तेव्हा मागची सबफ्रेम मुख्य चासीचाच भाग होती. २०२० च्या ११०० सीसीच्या मॉडेलमध्ये ती बोल्टने बसणारी आणि अॅल्युमिनियमची झाली. वाकली तर सोडवून दुसरी लावता येते, पण वाटेत मोडली तर माझ्यासाठी थांबलेल्या त्या वेल्डरला ती जोडता येणार नाही. दोन्हींत काहीतरी मिळतं आणि काहीतरी सुटतं. मी सामान लादून लांब जाते, म्हणून मला लोखंडी आणि बोल्टने बसणारी हवी होती.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे चांगले जाणकारही फसतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं. पहिला आकडा १०० ने गुणला की तुटण्याची ताकद येते, ८०० मेगापास्कल (ताणाचं माप). दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ आणि १२.९ त्याहून तगडे. गंज दिसला की पुष्कळ जण सगळे बोल्ट स्टेनलेसचे करतात. पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचाच, म्हणजे ८.८ पेक्षा कमकुवत. मडगार्डला चालेल, ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या कॅलिपरला नाही. शिवाय अॅल्युमिनियममध्ये तो ग्रीसशिवाय बसवला तर ओलाव्याने जाम होतो आणि काढताना आटे घेऊनच येतो. मधल्या गाडीत ज्या बोल्टना पुन्हा पुन्हा सोडावं लागतं त्यांच्या भोकांत लोखंडी आटे बसवलेले होते. सर्वांत स्वस्त गाडीत तेच बोल्ट थेट प्लास्टिकमध्ये आवळलेले होते, आणि टेस्ट राईडच्या गाडीवर दोन जागी नुसतंच फिरत होते.

डाकारची वाळवंटी शर्यत जिंकलेली गाडी म्हणजे भक्कम गाडी, हा युक्तिवाद मला पटत नाही. बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० साली आली आणि १९८१ च्या पॅरिस-डाकारमध्ये ह्युबर्ट ऑरिओल बीएमडब्ल्यूवर जिंकला. हा इतिहास मला मनापासून आवडतो. पण शर्यतीची गाडी रोज रात्री मेकॅनिकच्या हाताखालून जाते. आपल्या गाडीला सहा-सहा महिने कुणी विचारत नाही.

उलट कावासाकीची केएलआर ६५० बघा. १९८७ साली आली आणि २०१८ पर्यंत कार्ब्युरेटरवरच विकली गेली. तिच्या इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर चेनचा ताण धरणारी लहानशी पट्टी तुटते, हे तिच्या मालकांनी शोधून काढलं, चांगली पट्टी बनवली आणि बसवायची कशी हेही लिहून ठेवलं. दोष असूनही ती गाडी घेऊन माणसं खंड ओलांडत राहिली. ज्या गाडीचा दोष सगळ्यांना माहीत आहे आणि उपाय हातात आहे, ती माझ्या हिशेबात अजून कुणी परखून न पाहिलेल्या नव्या गाडीपेक्षा वरचढ आहे. म्हणून नवं मॉडेल आलं की मी एक वर्ष थांबते.

इलेक्ट्रॉनिक्सला माझा विरोध नाही. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. वळणातही काम करणारं एबीएस केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर २०१४ च्या मॉडेलपासून आलं, आणि ओल्या वळणावर ते एखाद्याचा जीव वाचवू शकतं. त्यासाठी मी जास्तीचे पैसे देईन. मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येणं मातीत लागतंच. गाणी बदलायचं बटण हँडलवर असण्यासाठी मात्र देणार नाही.

वजनाचं मोल मी सगळ्यात शेवटी धरत असे, आता पहिलं धरते. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. सर्वांत महाग गाडी आम्ही विचारून, खाली गादी घालून आडवी केली. मी पाठ टेकवून, पायांच्या जोराने तिला उचलायला गेले. दोनदा गुडघ्यापर्यंत आली आणि परत बसली. मधली तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. एकटीने फिरणाऱ्या माणसाला उचलता न येणारी गाडी कितीही भक्कम असली तरी उपयोगाची नाही.

मधलीच घेतली. घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मागच्या शॉकअपची लिंकेज, म्हणजे तो चाकाकडे जोडणारे सांधे, उघडली, कारण कारखान्यातून तिथे ग्रीस बहुधा कमीच येतं. डाव्या बाजूच्या बेअरिंगमध्ये ठीक होतं, उजव्या बाजूला जवळजवळ कोरडं. दोन्ही भरून टॉर्क रेंचने आवळलं. मग कामावर वापरतो तो पिवळा मार्किंग पेंट घेतला आणि सबफ्रेम, फूटपेग, कॅलिपर, चाक धरणारा चिमटा, हँडल आणि कॅरिअरच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. भावाने बोल्ट मोजले, एकूण ४६ भरले.

काल गाडीचे एकूण ८०० किलोमीटर पूर्ण झाले. त्यातले ३०० कच्च्या रस्त्याचे, मागे पूर्ण सामान. टॉर्च घेऊन पुन्हा खाली बसले. कॅरिअरच्या दोन बोल्टची रेघ तुटली होती, एक जेमतेम दोन मिलिमीटर सरकला होता, दुसरा त्याहून थोडा जास्त. ते काढून थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावला, पुन्हा आवळले, जुनी रेघ पुसून नवी ओढली. उरलेल्या ४४ रेघा सरळ होत्या. सबफ्रेमच्या चारही जोडांवर भिंग धरून पाहिलं, टाक्याची कडा सगळीकडे गुळगुळीत होती.