माहेरच्या दारावर डकवलेले समन्स

काही वर्षांपूर्वी एक बाई तहसील कार्यालयाची नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीचे वाटप करायचे असून मोजणीच्या दिवशी हजर राहावे, एवढाच तिचा मजकूर होता. दावा कोणी केला आणि आपण त्यात प्रतिवादी कधी झालो, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. लग्नानंतर वीस वर्षे त्या दुसऱ्या जिल्ह्यात राहत होत्या. दाव्यात मात्र त्यांचा पत्ता माहेरच्या घराचा होता, आणि हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत, झाला होता.

"वकीलसाहेब, त्या काळात मी आजारी होते असे लिहू या का? दवाखान्याचे कागद आहेत माझ्याकडे," असे त्यांनी आपण होऊन विचारले. हाच प्रश्न मला इतक्या पक्षकारांनी विचारला आहे की त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९ नियम १३ प्रमाणे एकतर्फी हुकूमनामा दोन कारणांनी रद्द होऊ शकतो: एक तर समन्स रीतसर बजावले गेले नव्हते, किंवा दावा पुकारला गेला तेव्हा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. ही दोन कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. जो माणूस समन्स मिळालेच नाही असे म्हणतो आणि त्याच अर्जात आजारपणामुळे तारखेला येता आले नाही असेही लिहितो, तो तारीख आपल्याला ठाऊक होती हे नकळत मान्य करून बसतो. अर्ज भक्कम व्हावा म्हणून घातलेले हे जादा कारण मग उलटतपासात त्याच्याच अंगावर येते.

मुदतीचा हिशेबही यावरच फिरतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे अर्जाला ३० दिवस मिळतात आणि ते साधारणपणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजले जातात. परंतु समन्स रीतसर बजावलेले नसेल तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. वर्तमानपत्रातील जाहीर समन्ससारखी आदेश ५ नियम २० खालील पर्यायी बजावणी या अनुच्छेदापुरती रीतसर बजावणी समजली जात नाही, ही गोष्ट तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मुदत उलटून गेली असेल तर मुदत अधिनियमाच्याच कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मुळात विलंब झाला आहे की नाही हे आधी पाहावे.

म्हणून अर्जाचा मसुदा लिहिण्यापूर्वी मी दाव्याचा रोजनामा, म्हणजे तारीखवार कामकाजाची नोंद, आणि समन्स बजावणाऱ्या बेलीफचा अहवाल यांच्या नकला मागवतो. आदेश ५ नियम १७ प्रमाणे समन्स दारावर डकवायचे तर ते प्रतिवादी नेहमी राहतो किंवा कामधंदा करतो त्याच घरावर, आणि तेही त्याचा योग्य तो शोध घेतल्यानंतर डकवावे लागते. शिवाय घर कोणी ओळखून दाखवले आणि कोणासमक्ष समन्स डकवले, त्यांची नावे व पत्ते अहवालात लिहावे लागतात. माझ्या हाती आलेला अहवाल दोन ओळींचा होता: प्रतिवादी मिळून आल्या नाहीत, सबब समन्स दारावर डकवले. घर दाखवणाऱ्याचे नाव नव्हते, साक्षीदार नव्हता, आणि घर तर त्यांचे राहते नव्हतेच.

अशा दोन ओळींवर एका बाईचा हिस्सा ठरून जावा, याचा मला आजही राग येतो. कोणालाही त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दोषी धरू नये आणि त्याच्या पाठीमागे निर्णय होऊ नयेत, या तत्त्वावर आपले प्रक्रिया कायदे उभे आहेत, असे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी संग्राम सिंग यांच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या निकालात सांगितले. हेच बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

अर्थात बजावणीतील प्रत्येक दोष कामी येतो असे नाही. प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर होऊन उत्तर देण्यास पुरेसा वेळ होता अशी न्यायालयाची खात्री पटली, तर केवळ बजावणीतील अनियमिततेवरून हुकूमनामा रद्द होत नाही, असे आदेश ९ नियम १३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगते. ते मला योग्य वाटते, कारण खटला लांबवण्यासाठी मुद्दाम गैरहजर राहणारे प्रतिवादीही मी पाहिले आहेत. आमच्या अर्जात विरुद्ध बाजूने नेमका हाच मुद्दा घेतला: बहीण सणाला माहेरी येत होती, तेव्हा तिला दावा ठाऊक असणारच. पण ती अमुक दिवशी आली आणि तिला अमुक तारीख सांगितली, असे शपथेवर सांगणारा एकही साक्षीदार त्यांना मिळाला नाही.

दवाखान्याचे कागद आम्ही दाखल केलेच नाहीत. नोटीस मिळाल्यापासून बाविसाव्या दिवशी केलेला अर्ज मंजूर झाला, आणि एकीचा हिस्सा बदलला की सर्वांचे हिस्से बदलणार असल्यामुळे हुकूमनामा सर्वच प्रतिवादींपुरता रद्द झाला. दावा मूळ क्रमांकावर पुन्हा सुरू झाला. बाईंनी कैफियतीवर, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरावर, सही केली ती त्याच न्यायालयाच्या आवारात, आणि कैफियतीच्या पहिल्या परिच्छेदात त्यांचा सासरचा पत्ता आहे.