आमची वाटचाल : चार यंत्रं आणि एक शिरोरेषा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या, अक्षरं आणि नक्षी कापायच्या-कोरायच्या आमच्या गाळ्यात आज चार यंत्रं आहेत. रेडियमची चिकट शीट सुरीनं कापणारा प्लॉटर, फिरत्या पात्यानं म्हणजे बिटानं कोरणारा आठ बाय चार फुटी सीएनसी राऊटर, १३०० बाय ९०० मिलिमीटर बेडचा, किरणानं कापणारा सीओटू लेझर आणि धातूवर खूण करणारा फायबर लेझर. आली ती याच क्रमानं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की यंत्र बदललं की धंदा बदलला. प्रत्यक्षात दर वेळी नव्यानं शिकावी लागली ती फाईल. दुकानाचं एकच नाव चारही यंत्रांना चार तऱ्हेनं काढून द्यावं लागतं, आणि चुकलं तर दोष यंत्राचा दिसतो, असतो मात्र रेषेचा.

सुरुवात रेडियमपासून. ट्रॅक्टर, टेम्पोच्या मागची अक्षरं, दुकानाच्या काचा. प्लॉटरच्या सुरीला रंग कळत नाही आणि रेषेची जाडीही कळत नाही. फाईलमध्ये जिथं रेष आहे तिथून ती जाते. छपाईची फाईल कटिंगला चालत नाही ती यामुळंच. मराठीत अडचण आणखी एक पायरी पुढं जाते. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि शेजारच्यावर थोडी चढते, म्हणजे छापताना मध्ये फट दिसू नये. काळ्यावर काळं चढलं तर कागदावर कुणाला कळत नाही. पण तीच ओळ कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून घेतल्या, की प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा सुटी होते आणि सुरी प्रत्येक सांध्यावर आडवी फिरते. ‘महालक्ष्मी’ कापून आजूबाजूचं रेडियम सोलायला घेतलं की काना वेगळा, वेलांटी वेगळी.

उपाय म्हणजे वेल्ड, सगळे तुकडे जोडून एकच बाह्यरेषा करणं. कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं निवडून आधी कर्व्ह करायची, गट सोडायचा, मग सगळ्या तुकड्यांना एकत्र वेल्ड. इथं नवीन मुलं हमखास कंबाइन दाबतात. कंबाइननं आकार एक झाल्यासारखा दिसतो, पण जिथं दोन तुकडे एकमेकांवर चढलेत ती जागा पोकळ होते. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या रेषा दिसतात तिथं, बघायचं. शब्दाची एक बाहेरची रेष, आतली भोकं आणि सुटे अनुस्वार, एवढंच उरलं पाहिजे.

वेल्डनंतरही कधी शिरोरेषेवर बारीक पायऱ्या राहतात, कारण दोन अक्षरांच्या रेषांची उंची केसभर वेगळी असते. झटपट तोड म्हणून शब्दाच्या लांबीचा एक आयत शिरोरेषेवर ठेवून वेल्ड करतात. आम्हीही करतो, पण आधी शब्द वाचून. भ, ध आणि थ यांची शिरोरेषा तुटकी असते. त्यावरून आयत गेला की ‘भरत’चा ‘मरत’ आणि ‘धन’चं ‘घन’ होतं. नेमप्लेटवर असं झालं तर प्लेट परत येते, आणि यावी. अशा अक्षरापाशी आयत थांबवून पुढं दुसरा सुरू करायचा.

फॉन्टबद्दल अजून थोडं. गिऱ्हाईक मजकूर मोबाईलवरून युनिकोडमध्ये पाठवतं. देवनागरी नीट मांडता न येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, आणि ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर कोल्हापुरात कुणीतरी बोट ठेवतंच, म्हणून मराठी वळणाचा फॉन्ट आधीच निवडलेला बरा. कर्व्ह केल्यानंतर मजकूर सुधारता येत नाही, तेव्हा न कर्व्ह केलेली एक प्रत नेहमी बाजूला ठेवायची.

राऊटर आल्यावर रेषेला जाडी आली. लेझरची रेष केसाएवढी, राऊटरची बिटाएवढी. ६ मिलिमीटरचा बिट रेषेच्या मधोमध चालवला तर अक्षर सगळीकडून ३ मिलिमीटरनं कमी होतं, म्हणून बाहेरच्या कडेला बाहेरून आणि भोकाला आतून मार्ग काढावा लागतो. त्यासाठी रेष बंद पाहिजे. रेषेच्या दोन नोडमध्ये (जोडबिंदूंमध्ये) ०.०२ मिलिमीटरची फट असली तरी सॉफ्टवेअरच्या लेखी आकार उघडा असतो आणि आत-बाहेर ठरतच नाही. ०.१ मिलिमीटरपर्यंतच्या फटी आपोआप जोडायला हरकत नाही. जोडण्याची मर्यादा १ मिलिमीटर ठेवली की बारीक जाळीतले शेजारी शेजारी नोड एकमेकांना चिकटतात आणि नवाच घोळ होतो.

गोल बिटानं आतला काटकोन कधीच निघत नाही. ३ मिलिमीटरच्या बिटानं आतल्या कोपऱ्याला दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. मखराच्या खाचेत फळी बसवायची असेल तर कोपऱ्यात बिटाच्या मापाचं छोटं भोक आधीच काढून ठेवायचं, नाहीतर सुतार पटाशी घेऊन बसतो. व्ही बिटानं कोरलेल्या अक्षराची खोली रेषेच्या रुंदीवर ठरते. ६० अंशाचा बिट आणि ६ मिलिमीटर रुंद रेष असेल तर खोली ५.२ मिलिमीटर जाते. ९० अंशाचा घेतला तर तीच ३ मिलिमीटर. ६ मिलिमीटरच्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीवर) जाड फॉन्ट ६० अंशानं कोरायला घेतला तर बिट पाठ फोडूनच बाहेर येईल. फाईल करणाऱ्याला पाटीची जाडी माहीत नसेल तर ही चूक पडद्यावर दिसत नाही.

डीएक्सएफ या रेषांच्या फाईल-प्रकाराची आर१२ ही जुनी पद्धत वर्तुळ आणि कंस सोडून बाकीची मुक्त वक्ररेषा (स्प्लाइन) ओळखत नाही. वळण बारीक सरळ तुकड्यांत मोडून येतं. तुकडे मोठे असतील तर वळणाला पैलू पडतात, फार बारीक असतील तर यंत्र अडखळत चालतं आणि कडेवर कंगव्यासारख्या खुणा उठतात. शक्य तिथं आर१४ किंवा २००० ची पद्धत वापरायची, नाहीतर तुकड्यांवर पुन्हा कंस बसवून घ्यायचे.

मापाचा गोंधळ मात्र सगळ्या यंत्रांना सारखाच. मिलिमीटरची डीएक्सएफ इंचात उघडली की सगळं २५.४ पट होतं. ते तरी लगेच डोळ्यावर येतं. एसव्हीजी या दुसऱ्या फाईल-प्रकारातला फरक जास्त दगा देतो. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरांपैकी इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो, इंकस्केप ९६. त्यामुळं इलस्ट्रेटरमधलं १०० मिलिमीटरचं चित्र इंकस्केपमध्ये ७५ चं उघडतं. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीआधी हाच आकडा ९० होता, म्हणून फार जुन्या फाईली ९३.७५ वर येतात. हा सहा टक्क्यांचा फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही आणि खाच बसत नाही तेव्हाच उघडा पडतो. आमच्याकडं प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौरस असतो. यंत्रावर फाईल उघडली की आधी तो मोजायचा, मग पुसायचा.

सीओटू लेझरनं ॲक्रिलिक, एमडीएफ, चामडं अशी कामं आणली. इथं सर्वांत महागात पडते ती एकावर एक बसलेली दुहेरी रेष. पडद्यावर एकच दिसते, लेझर मात्र दोनदा जातो. कडा काळवंडते, फट रुंदावते, वेळ दुप्पट लागतो. चौकटीला चौकट लावून जाळी काढली की सामाईक भिंत दोनदा येते, तिथं हे हटकून होतं. डुप्लिकेट काढण्याची आज्ञा तंतोतंत जुळणाऱ्या रेषाच काढते. अर्धवट चढलेल्या रेषा वायरफ्रेममध्ये एकेक उचलून बघाव्या लागतात.

मग लेझरची फट, म्हणजे कापताना किरण जेवढी रुंदी जाळून टाकतो ती. ३ मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये आमची फट साधारण ०.२ मिलिमीटर जाते, पण हा आकडा भिंग, फोकस आणि वेगाप्रमाणं बदलतो, म्हणून दर वेळी त्याच शीटच्या तुकड्यावर काढायचा. दहा पट्ट्या शेजारी शेजारी कापायच्या, एकत्र दाबून व्हर्निअरनं मोजायच्या, काढलेल्या मापापेक्षा जेवढं कमी भरलं त्याला दहानं भागायचं. शीटची जाडीही मोजायचीच. ३ म्हणून घेतलेली शीट पुष्कळदा २.८ निघते. २.८ ची फळी बसवायची खाच ०.२ फट धरून २.६ काढायची, कापल्यावर ती २.८ होते. एमडीएफला हे घट्ट माप चालतं, दाबलं की बसतं. ॲक्रिलिकला खाच ०.१ नं सैल ठेवायची आणि आतल्या कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यायची, नाहीतर तडा त्याच कोपऱ्यातून सुरू होतो. ताज्या कापलेल्या कडेला स्पिरिट किंवा थिनर लावलं तरी जाळीदार भेगा पडतात. ते फाईलचं काम नव्हे, पण ओरडा फाईलवाल्यालाच बसतो.

कापण्याचा क्रम आतून बाहेर. बाहेरची रेष आधी कापली तर तुकडा सुटून किंचित हलतो आणि आतली भोकं सरकतात. आम्ही खोदकाम काळ्या रंगात, आतलं कटिंग निळ्यात, बाहेरचं लाल रंगात ठेवतो. यंत्राचं सॉफ्टवेअर रंगाप्रमाणं थर लावतं आणि क्रम चुकत नाही.

शिरोरेषा लेझरवर वेगळ्या वेषात परत भेटते. अक्षर भरून खोदताना एकमेकांवर चढलेले भाग सॉफ्टवेअर रिकामे धरतं. वेल्ड न केलेल्या नावात प्रत्येक सांध्यावर न खोदलेला पांढरा चौकोन राहतो. हे बघून पॉवर वाढवणारे आम्ही पाहिलेत. पॉवरनं ते जात नाही.

स्टेन्सिल कापायची तर उलटा प्रश्न. ब, व, क, ष यांच्या पोटातला तुकडा खाली पडतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प आणि म यांचं पोट शिरोरेषेनं बंद होतं, हे विसरलं जातं. त्यांना पूल, म्हणजे पोटातला तुकडा बाहेरच्या भागाला धरून ठेवणारी पट्टी, द्यावा लागतो. ३ मिलिमीटर एमडीएफला पूल निदान ३ मिलिमीटर रुंद हवा, आणि तो शिरोरेषेत न देता खालच्या वळणात दिला तर अक्षर वाचायला सोपं राहतं. शिरोरेषेत दिला की म पुन्हा भ दिसतो. उभ्या कापीव अक्षरांत अनुस्वार सुटा निघतो. तो कुठं चिकटवायचा यासाठी पूर्ण शब्दाचा कागदी साचा सोबत देतो.

कोल्हापुरी चपलेचं चामडं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं असतं. त्यावर नक्षी छान उमटते आणि कडा तपकिरी येते. चामडं ताणलं जातं, तेव्हा पट्ट्यावरची भोकं ताणाच्या दिशेनं एका रांगेत फार जवळ ठेवायची नाहीत. पीव्हीसीचं रेक्झिन मात्र आम्ही लेझरवर घेतच नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या छातीला वाईट आणि यंत्राच्या रेल, आरशांनाही. काम परत गेलं तरी चालेल.

फोटोवरून आलेल्या चित्राचं काय? व्हॉट्सॲपवरच्या चित्राला ऑटो-ट्रेस लावला, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेतल्या, की २ मिलिमीटरच्या रेषेच्या दोन्ही कडा दोन रेषा म्हणून येतात, आणि चार नोडमध्ये बसणाऱ्या वर्तुळाला साठ नोड लागतात. नोड कमी करण्याची आज्ञा दिली की देवीच्या मुखवट्याचं नाक बदलतं. आमचं मत स्पष्ट आहे : चेहरा आणि अक्षर हातानं पुन्हा काढायचं, ट्रेस फक्त खाली धरायला. वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे लागतात.

फायबर लेझर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळं आला. यंत्रभागावर बॅच क्रमांक टाकायला साधा फॉन्ट घेतला तर प्रत्येक अक्षर पोकळ, दुहेरी रेषेचं येतं. एकेरी रेषेचा फॉन्ट घेतला की वेळ निम्म्याहून कमी लागतो. क्यूआर कोडभोवती चार चौकटींएवढी मोकळी जागा सोडायची, नाहीतर मोबाईल वाचत नाही. गडद भागावर उजळ खूण पडत असेल तर कोड उलटा करून घ्यायचा, म्हणजे वाचताना काळ्याच्या जागी काळंच राहतं.

फौंड्रीच्या पॅटर्नसाठी, म्हणजे ओतकामाआधी वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्यासाठी, राऊटरवर अक्षरं करतो तेव्हा पहिला प्रश्न दिशेचा. पॅटर्नवर अक्षर सरळ, कारण वाळूत ते उलटं उमटतं आणि ओतीव भागात पुन्हा सरळ होतं. कोअरबॉक्समध्येही, म्हणजे आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करायच्या साच्यातही, त्याच हिशोबानं सरळच. धातू थेट ज्यात ओतला जातो त्या डायमध्ये मात्र आरशातलं. दुसरा प्रश्न धातू थंड होताना आकसण्याचा. साध्या बिडाला साधारण एक टक्का, म्हणजे ३०० चं ३०३. पण ड्रॉइंग पॅटर्नवाल्याकडून आलं असेल तर ती वाढ बहुतेक आधीच धरलेली असते. विचारल्याशिवाय पुन्हा वाढवायची नाही. अक्षराच्या भिंती तिरक्या हव्यात, म्हणजे पॅटर्न उचलताना वाळू तुटत नाही. त्यासाठी सरळ बिटाऐवजी निमुळता बिट लागतो, आणि निमुळत्या बिटाला अक्षरांमध्ये जास्त अंतर लागतं.

शीटवर मांडणी करताना आठ बाय चारची ॲक्रिलिक तीन भागांत, ८१२ मिलिमीटरच्या आसपास तोडून घेतो. ती आमच्या लेझरच्या ९०० च्या बेडवर बसते. चार बाय तीनचा तुकडा ९१४ भरतो आणि १४ मिलिमीटरनं बेडबाहेर राहतो. दुकानदार तोच स्वस्त म्हणून गळ्यात मारतो.

काम संपल्यावर फाईल जपून ठेवताना नावात माल, मोजलेली जाडी, फट आणि तारीख लिहितो. पुढच्या गणपतीत तेच मखर पुन्हा मागितलं तर नव्या शीटची जाडी मोजून खाचा तेवढ्या बदलायच्या, बाकी चित्राला हात लावायचा नाही.