लखनौतलं अकरावं ताट

भिशीच्या पैशांतून सहल काढायची हे ठरवायला आम्हा डोंबिवलीच्या अकराजणींना तीन वर्षं लागली. लखनौ मात्र पाच मिनिटांत ठरलं. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "तिथे गलौटी कबाब मिळतो. दात नसलेल्या नवाबासाठी केलेला म्हणे, जिभेवर ठेवला की विरघळतो." आमच्यातल्या निम्म्या शाकाहारी, पण त्यांनीही माना डोलावल्या.

पहिली सकाळ बड्या इमामबाड्यात गेली. जानेवारीचं धुकं इतकं, की समोर उभं राहूनही रूमी दरवाजाचा माथा दिसेना. १७८४ साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अवधचा नवाब आसफउद्दौलाने हे बांधकाम काढलं. आतलं दालन सुमारे पन्नास मीटर लांब, आणि मध्ये एकही खांब नाही. वरच्या भूलभुलैयात दोघी हरवल्या, मग हाका मारमारून सापडल्या. जिने उतरताना गाइडने सांगितलं, की नवाबी मुदपाकखान्यात बावर्ची वेगळा आणि रकाबदार वेगळा. बावर्ची शेकड्यांनी माणसं जेवू घालणार, रकाबदार मोजक्या रसिकांसाठी थोडंसंच रांधणार. तेव्हा ते नुसतं ऐकून घेतलं. दुपारी आठवलं.

दुपारचं जेवण शहरातल्या एका बड्या रेस्टॉरंटात होतं, आठ दिवस आधी सांगून ठेवलेलं. आठपेक्षा जास्त माणसं असली की सेट मेन्यूच घ्यावा लागतो, हे फोनवर कळलं होतं. माणशी १४५० रुपये. आम्ही हो म्हटलं. दारात गुलाबपाणी शिंपडून स्वागत झालं. (आपल्याकडे हे लग्नात करतात. पुढे पंगत आहे हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

झुंबरं, जाळीच्या खिडक्या, मंद सारंगी. फोटो काढून झाले, पुन्हा काढून झाले, पन्नास मिनिटं गेली. तेवढ्यात पुढे सरकलेल्या वेटरने आम्हाला दमपुख्तची गोष्ट सांगितली: इमामबाड्याच्या मजुरांसाठी मोठमोठ्या देगांची तोंडं कणकेने बंद करून मंद आचेवर अन्न शिजत ठेवायचे, आणि त्या वासाने नवाबच भुलला. छान सांगितली. मग तशीच कणकेने मोहोरबंद केलेली हंडी टेबलावर आली. त्याने सुरी फिरवून कणीक कापली, झाकण उचललं. आम्ही अकराजणी पुढे वाकलो.

वाफ आलीच नाही.

बिर्याणी कोमट होती, आणि त्याआधी आलेले कबाबही. गलौटी गरम असतानाच खायचा असतो. इथे भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत माणशी दोन, भोवती हिरव्या चटणीचे ठिपके आणि कडेने थिजलेलं तूप. विरघळला तो, नाही असं नाही, पण मागे टाळूला तुपाचा थर ठेवून. जावेने दुसरा कबाब काट्याने नुसता इकडून तिकडे सरकवला. शाकाहारींना पनीरच्या तीन भाज्या: एक लाल, एक पांढरी, एक हिरवट. डोळे मिटून खाल्लं तर तिन्हींत तेच काजूचं वाटण. शीरमाल नावाचा नान मात्र वासाला सुरेख, केशर आणि दुधाचा. तोही गार होऊन चामट झालेला. आपल्या कार्यालयातल्या पंगतीतसुद्धा वरणभात गरम येतो हो!

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. आमच्यातली एकटी उपासवाली टेबलाच्या टोकाला बसून पर्समधलं केळं आणि राजगिऱ्याची वडी खात होती. ती एकटीच खुशीत.

बिल आलं ते अकरा ताटांचं. १५,९५० रुपये, वर दहा टक्के सेवाशुल्क, वर जीएसटी. आमची खजिनदार बँकेतून निवृत्त झालेली. तिने चष्मा लावला आणि मॅनेजरला बोलावलं. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच सांगितलंय, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय, हे तिने मोडक्यातोडक्या हिंदीत पण ठासून सांगितलं. शुल्क लगेच निघालं. अकरावं ताट काही निघेना. "मॅडम, बुकिंग ग्यारह का था." त्यातही त्याची अदब अशी, की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी हजरतगंजात टोकरी चाटसमोर उभ्या राहिलो. तळलेल्या बटाट्याच्या किसाची टोपली, आत टिक्की, मटार, दही, वरून आंबटगोड चटणी आणि डाळिंबाचे दाणे. उपासवाली धुक्यात चंद्र शोधत होती. कॅलेंडरात छापलेली वेळ मुंबईची. लखनौ इतकं पूर्वेला, म्हणजे चंद्र अर्धा तास तरी आधी उगवला असणार, यावर भर रस्त्यात चर्चा झाली. शेवटी तिने अंदाजाने आकाशाला हात जोडले, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि टोपली फोडली. मग दुसरी मागवली.

खजिनदारणीने दोन्हींचे पैसे भिशीतून दिले आणि वहीत लिहिलं: अकरावं ताट.