सैल मूठ: बदलावी की दुरुस्त करावी?

घरातले भांडे मोडीत काढण्याची वेळ येते तेव्हा बहुधा भांडे धडधाकट असते आणि मूठच निकामी झालेली असते. इंदूरमध्ये राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात सुट्या मुठी आणि कढईचे कान मिळतात, तर स्क्रू, रिव्हेट (ठोकून पसरवलेल्या टोकाने दोन पत्रे जोडणारी धातूची खिळी), दारांची हँडले यांसाठी सियागंजचा बाजार आहेच. त्यामुळे केवळ मुठीपायी नवे भांडे घेणे मला पटत नाही. मात्र बाजारात जाण्यापूर्वी मूठ भांड्याला कशाने जोडली आहे, हे नीट पाहावे. रंग आणि आकार यांचा विचार नंतर केला तरी चालतो.

अॅल्युमिनियमच्या कढईचा कान हलू लागण्याच्या बरेच आधी रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट, चिकट तेलाची एक बारीक रेघ दिसू लागते. कान आणि पत्रा यांच्यात फट पडल्याची ती खूण असते. ती फट ब्रशने साफ करावी, पण धुण्याचा सोडा वापरू नये, कारण त्याने अॅल्युमिनियम खाल्ले जाते. मग रिव्हेटचे आतले डोके जाड लोखंडी ठोकळ्यावर टेकवून बाहेरच्या टोकावर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे ते टोक पसरून कान पुन्हा आवळला जातो. रिव्हेट झिजलेलाच असेल तर नवा, भरीव अॅल्युमिनियमचा घालून घ्यावा. हत्याराने एकाच बाजूने ओढून बसवायचा पॉप रिव्हेट झटपट बसतो खरा, पण तो आतून पोकळ असल्यामुळे रस्सा किंवा तेल त्यातून झिरपू शकते. नॉनस्टिक कढईवर हा ठोकाठोकीचा उपाय मुळीच करू नये. आतला थर उडतो.

कुकरच्या मुठी बहुधा बॅकेलाइटच्या असतात. लिओ बेकेलँड यांनी 1907 मध्ये तयार केलेले हे प्लास्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. मात्र ते ठिसूळ असते आणि ज्योत सतत लागली तर करपते. म्हणूनच बर्नरची ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणे ही मुठीची सर्वांत स्वस्त देखभाल होय. सैल झालेला स्क्रू कुकर थंड असतानाच कसावा, आणि तोही मूठ हलायची थांबेल इतकाच, कारण जास्त आवळल्यास स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. तडा गेलेली मूठ चिकटवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कुकरच्या आत साधारण 120 अंश सेल्सिअस तापमान असते, घरगुती एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) बहुधा त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडते, आणि बऱ्याच कुकरांमध्ये झाकण जागेवर अडकून राहण्यात मुठीचाही वाटा असतो. त्यामुळे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणि तितक्याच लिटरची मूठ घ्यावी. भोके जुळतात म्हणून दुसरी बसवू नये.

नवे भांडे घेताना धातूचा विचार करावा. अॅल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरापट वेगाने वाहते. म्हणून अॅल्युमिनियमची अखंड मूठ चटकन तापते, तर स्टीलची लांब, पोकळ मूठ बराच वेळ हाताला सोसवते. फोडणीच्या कढल्याला तर लांब दांडा हवाच. लाकडी मूठ धरायला सर्वांत सुखाची, पण तिला पाण्यात भिजत ठेवणाऱ्या घरात ती टिकत नाही.

कपाटे आणि ड्रॉवर यांच्या हँडलांचे गणित वेगळे आहे. तेथे हँडलची पूर्ण लांबी पाहायची नसते, दोन स्क्रूंच्या मध्यांमधले अंतर मोजायचे असते, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजावे. दुकानात ज्याला सर्रास चार इंची म्हणतात ते हँडल पुष्कळदा 96 मिलिमीटरचे असते, तर खरे चार इंच म्हणजे 101.6 मिलिमीटर. एवढ्या फरकाने जुन्या भोकांत नवे हँडल बसत नाही आणि सुतार लगेच ड्रिल काढतो. स्क्रूची लांबीही पाहून घ्यावी: 18 मिलिमीटरच्या प्लायवूडला 25 मिलिमीटरचा स्क्रू सहसा पुरतो, पण ड्रॉवरला पुढून दुसरी फळी लावलेली असेल तर अधिक लांब स्क्रू वेगळा मागून घ्यावा लागतो.