प्रसूती वॉर्डातलं गरम पाणी आणि रुग्ण कल्याण समिती: माझा अनुभव

ग्रामीण रुग्णालयातल्या प्रसूती वॉर्डात गरम पाणी मिळावं, एवढाच विषय होता. तो रुग्ण कल्याण समितीत, म्हणजे रुग्णालयाच्या सोयी आणि त्यासाठीचा निधी बघणाऱ्या समितीत, मंजूर होऊन नळाला पाणी येईपर्यंत साडेचार महिने गेले. काम कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहितोय. मराठवाड्यातल्या बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत अडचणी याच असतात.

धाराशिव जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हापासून, म्हणजे 2007 पासून, आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेखीचं (लोकांनीच सरकारी दवाखान्यांवर लक्ष ठेवण्याचं) काम इथे सुरू झालं. राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तो होता. त्यामुळे जनसुनावणी आपल्याकडे माहीत आहे. पण जनसुनावणीत गाऱ्हाणं मांडता येतं. खर्चाचा ठराव होतो तो समितीच्या बैठकीत. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक हे समितीचे सदस्य सचिव असतात. बैठकीची नोटीस, विषयपत्रिका आणि इतिवृत्त त्यांच्याकडून निघतं. म्हणून पहिला अर्ज त्यांच्या नावाने द्यायचा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही.

त्याआधी बायकांशी बोलायला हवं, आणि ते वॉर्डात होत नाही. सिस्टर समोर असताना बाळंतीण म्हणते, "समदं बरं हाय, तक्रार न्हाय." तीच बाई सुट्टी होऊन घरी गेल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी आशाताईंबरोबर भेटली की मोकळी बोलते. आम्ही वीस-बावीस जणींशी असं घरी जाऊन बोललो. औषधांपेक्षा जास्त वेळा आली ती पाण्याची गोष्ट: सासू किंवा आई पहाटे समोरच्या हॉटेलातून बादलीला वीस रुपये देऊन पाणी आणते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून औषधं, तपासण्या, घरी सोडायची गाडी मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही आहे. पाण्याचा खर्च मात्र कुठल्याच कागदावर दिसत नव्हता.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी बोलायचं तर दसऱ्याच्या आधी किंवा गुढीपाडव्यानंतर. मधल्या काळात गावं निम्मी रिकामी असतात आणि सगळ्यात अडचणीतल्या बाळंतिणीच नेमक्या सुटतात.

पहिल्या बैठकीत विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच आलं. ऐनवेळच्या विषयाला ना अंदाजपत्रक जोडलेलं असतं ना दरपत्रक, म्हणून खर्चाचा ठराव होत नाही. तेव्हा नोटीस निघायच्या आधीच लेखी विषय द्या आणि सोबत तीन दरपत्रकं जोडा.

आणि मागणी मोजून लिहा. "गरम पाण्याची सोय करावी" यावर कोणी सही करू शकत नाही. आम्ही लिहिलं ते असं: वॉर्डात एका वेळी आठ बाळंतिणी, प्रत्येकीला 15 लिटरची एक बादली, त्यात निम्मं कढत आणि निम्मं गार, म्हणजे सकाळी 60 लिटर कढत पाणी. 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर एक टाकी साधारण 35 मिनिटांत तापवतो. पाचला सुरू केला तर सातपर्यंत सगळ्यांच्या अंघोळी होतात. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग लागतं. वायरिंग बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेला दाखवून घ्यावं लागलं; त्यात पाच आठवडे गेले.

मागण्यांची वर्गवारीही आधीच करून ठेवावी. बिनपैशाच्या मागण्या असतात, जसं वेळापत्रक फळ्यावर लिहिणं. त्यांना अधीक्षकांची सही पुरते. काही समितीच्या निधीतून होतात. रिक्त डॉक्टर, सोनोग्राफी यंत्र हे समितीच्या हातातलं नाही. ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे ठरावाने पाठवायचं. (प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.) हे तिन्ही एका अर्जात कोंबले की पहिल्या दोन्हीही रखडतात. अर्जात कुठल्याही सिस्टरचं नाव घेऊ नका. नाव आलं की चर्चा पाण्यावरून चौकशीवर जाते, आणि ज्या सिस्टरला रोज पहाटे गिझर लावायचा आहे तीच दुखावते.

एक चूक आमच्या हातून झाली. बायकांना विचारलं, पण सफाई करणाऱ्या मावशींना विचारायचं राहिलं. गिझर बसल्यावर महिन्याभरात त्याची कॉइल गेली. मावशी म्हणाल्या, "बोअरचं पाणी हाय, बादलीलासुद्धा पांढरा थर बसतो. अन् टाकी तर पहाटं कोरडीच असती." दोन्ही कारणं खरी होती. क्षार कॉइलवर साचले की उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल जळते. पाण्याविना सुरू राहिला तर लगेचच जळते. हे आधी कळलं असतं तर टाकीचा विषय त्याच ठरावात घेता आला असता.

दुसऱ्या ठरावात मग तीन गोष्टी घातल्या: वॉर्डासाठी 500 लिटरची वेगळी टाकी, ती रात्री नऊपर्यंत भरून ठेवायची, दर तीन महिन्यांनी कॉइल काढून साफ करायची, आणि प्रत्येक कामापुढे पदनाम आणि तारीख. "संबंधितांनी कार्यवाही करावी" असं वाक्य इतिवृत्तात येऊ देऊ नका, त्या संबंधितांचा शोध पुढच्या बैठकीपर्यंत लागत नाही. इतिवृत्ताची प्रत आठ दिवसांत मागा. पुढच्या विषयपत्रिकेत पहिला विषय मागच्या इतिवृत्तावरील कार्यवाहीचाच असतो. तिथे तारीख वाचून दाखवायची.

बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी असेल तर बदलून मागा. त्या दिवशी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर अर्ध्यातून उठतात, आणि बायकांची बाजू मांडायला येणारी महिला सदस्य भाजी विकायला बसलेली असते. आता आमची बैठक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला असते. टाकी भरल्याची सही मावशी वॉर्डाच्या दारामागच्या कागदावर रोज करतात आणि तो कागद बैठकीत टेबलावर येतो.