तुरीच्या शेंड्यावर उलटी लटकलेली अळी

तुरीवर एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) फवारून पाच-सात दिवस झाले की शेंड्यांकडे नीट बघावं. घाटेअळी मागच्या पायांनी शेंडा धरून, डोकं खाली करून लटकलेली दिसते. आधी ती फिकट, तुकतुकीत होते, मग काळपट पडते. बोट लागलं की कातडं फुटतं आणि तपकिरी पाणी गळतं. त्या पाण्याच्या एका थेंबात विषाणूचे कोट्यवधी पुंज असतात.

हाच विषाणू कृषी सेवा केंद्रात बाटलीत मिळतो. बाटलीवर मुदत छापलेली असते, म्हणून परभणी-हिंगोलीकडे हमखास विचारतात, "हे औषध जित्तं असतंय का?" प्रश्न साधा वाटतो, पण शास्त्रज्ञांचंही त्यावर एकमत नाही.

माझं मत असं, की बाटलीतला विषाणू जिवंत नाही. आत असतात एक-दोन मायक्रॉनचे प्रथिनांचे स्फटिक, म्हणजेच ते पुंज, आणि लाडवात बेदाणे रुतावेत तसे त्यात रुतलेले विषाणूचे कण. कणात सुमारे १ लाख ३० हजार अक्षरांचा डीएनए आणि वर वेष्टन, बस्स. त्याला भूक नाही, श्वास नाही, वाढ नाही. झाकण उघडल्यावर जो कुजका वास येतो तो विषाणूचा नव्हेच. मेलेल्या अळ्यांच्या अर्काबरोबर आलेल्या जिवाणूंचा तो वास. म्हणजे बाटलीत खरीखुरी जित्ती मंडळी हीच, आणि माल खराब होतो तोही बराचसा त्यांच्यामुळे आणि उष्णतेमुळे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीवरची तारीख वाचण्यात अर्थ नाही.

उन्हाचं उदाहरण घ्या. अतिनील किरणांनी डीएनए तुटतो. जिवाणूचा तुटला तर तो आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी), आपली ऊर्जा खर्चून काही प्रमाणात सांधतो. पानावर पडलेल्या विषाणूकडे ना विकरं चालवायला ऊर्जा, ना ती तयार करायची सोय. एक-दोन दिवसांच्या कडक उन्हात त्याचा बराचसा प्रभाव जातो. म्हणून फवारणी संध्याकाळी चारनंतर करतात आणि पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम नीळ घालतात, कपड्याची असते तीच. लिटरला ५ ग्रॅम गूळही घालतात, म्हणजे अळी पान आवडीने खाते. खाणं महत्त्वाचं, कारण हा विषाणू अंगावर पडून काही करत नाही, तो पोटातच जावा लागतो. म्हणून फवारणी अळ्या लहान असताना हवी. मोठ्या अळीला मात्रा जास्त लागते, आणि मरेपर्यंत ती शेंगा पोखरून मोकळी होते.

पोटात गेल्यावर मात्र सगळं पालटतं. घाटेअळीच्या आतड्यातला रस फार अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. त्यात स्फटिक विरघळतो आणि कण सुटे होतात. (म्हणूनच टाकीत बोर्डो मिश्रणासारखं चुन्याचं काही मिसळू नये. स्फटिक टाकीतच विरघळला तर उघडे कण पानावर टिकत नाहीत.) कण पेशीत शिरतो आणि उलगडतो. पुढचे काही तास ती पेशी फोडून पाहिली तर अख्खा विषाणू सापडतच नाही. असतो तो नुसता डीएनए, आणि अळीच्या पेशीतली यंत्रणा त्याच्या हुकमावर राबत असते. मग सुटे भाग तयार होतात, जोडले जातात आणि हजारो नवे कण निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार होणाऱ्या जिवाणूसारखं हे नाही. मधे अंगच नाहीसं होणारा सजीव मला तरी दुसरा माहीत नाही.

"हरभऱ्याचं बीही कणगीत निपचित पडून असतं की!" असं कुणी म्हणेल. पण बियाण्यात स्वतःचं अन्न असतं, प्रथिनं बांधायची स्वतःची यंत्रणा असते. ते मंद का होईना श्वसन करतं आणि उगवायला ओल पुरते. बांडगूळसुद्धा आंब्याचं पाणी चोरतं, पण आपल्या हिरव्या पानांत अन्न शिजवतं. विषाणूकडे चूलही नाही आणि भांडीही नाहीत.

विषाणूला रसायन ठरवायला सबळ पुरावाही आहे. १९३५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या मोझॅक विषाणूचे स्फटिक मिळवले आणि ते पुन्हा विरघळवून पानाला चोळले, तरी रोग झाला. १९५५ मध्ये त्याच विषाणूचा आरएनए आणि प्रथिन वेगवेगळे काढून परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, तर रोग करणारे कण जुळून आले. असं माणसाचं सोडा, मुंगीचंही करता येत नाही.

तरीही निव्वळ रसायन म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण विषाणू बदलतो आणि त्याचीही निवड होते. अळी मरायच्या आधी शेंड्यावर का चढते? २०११ साली जिप्सी मॉथ या पतंगाच्या अशाच विषाणूत याला कारणीभूत असलेलं एक जनुक दाखवलं गेलं. ते कात टाकायला लावणारं संप्रेरक निकामी करतं. अळी उंचावर मरते आणि तिचं पाणी खालच्या पानांवर गळतं. इतकं कसब साखरेच्या स्फटिकात नसतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पॅट्रिक फोर्तेर यांचं म्हणणं मला पटतं: विषाणू म्हणजे तो कण नव्हे, कण हे नुसतं त्याचं बी, विषाणू जगतो तो बाधित पेशीच्या रूपात.

हा काथ्याकूट शेतात कामाला येतो. सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आला की दुकानातून बुरशीनाशक आणलं जातं, पूर्वी स्ट्रेप्टोमायसीनही आणायचे. पैसे वाया जातात. स्ट्रेप्टोमायसीन जिवाणूची प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. विषाणूकडे ती नाहीच, तर बंद काय पाडणार? झाडात शिरलेला मोझॅक काढणारं औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. जे करायचं ते पांढऱ्या माशीचं: पेरताना किलोला १० मिली थायामिथोक्झाम ३० एफएसची बीजप्रक्रिया, पिवळे चिकट सापळे आणि पहिली पिवळी झाडं दिसताच उपटून पुरणं. ती झाडं हात लागून रोग पसरवतात म्हणून नव्हे, तर माशी त्यांच्यावरूनच विषाणू नेते म्हणून.

घाटेअळीच्या विषाणूचं मोजमापही त्याच्या स्वभावाला धरून आहे. तो मोजतात 'एलई'मध्ये, म्हणजे एका पूर्ण वाढलेल्या बाधित अळीतून निघेल तेवढा, ६ अब्ज पुंज. हेक्टरी २५० एलई म्हणजे दीड लाख कोटी पुंज. ते भट्टीत तयार होत नाहीत, त्यांना अळीच लागते. म्हणून शेतात लटकलेल्या, पण अजून न फुटलेल्या मोठ्या अळ्या पुन्हा फवारायला चिमट्याने गोळा करता येतात. लहान अळ्या दोन-तीन मिळून एक मोठी अळी धरावी. थोड्या पाण्यात कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळावं, नाहीतर कातडी नोझलमध्ये अडकते. चोथा लगेच फेकू नये, पुन्हा पाण्यात कालवून एकदा गाळावा. बरेच पुंज त्याला चिकटून असतात.