पाण्याखाली थांबलेलं बी

तीन वर्षांपूर्वी लावणीला माणसं मिळेनात, म्हणून मोड आलेलं भात सरळ चिखलात फोकलं. कोवळे मोड बुडून कुजू नयेत म्हणून खाचरातलं पाणी काढून ठेवलं आणि तिथेच घात झाला. पंधरा दिवसांत भाताहून पाखड नावाचं तण जास्त! दोन्ही दिसायला सारखीच. शेवटी आईने एक काडी उपटून पानाच्या सांध्यावर नख ठेवलं. भाताला तिथे पांढरट जिभली असते, पाखडाला नसते. त्या खुणेवर आम्ही सहा दिवस बेणत, म्हणजे तण उपटत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच खाचरातली माती चार घमेल्यांत भरली. दोन नुसती ओली ठेवली, दोनमध्ये दोन इंच पाणी उभं केलं. ओल्या मातीवर आठवड्यात हिरवं पसरलं. पाण्यातल्या घमेल्यांत बुडबुडे आले, मग कुबट वास. बोटाने उकरलं तर वर जेमतेम नखाच्या जाडीचा तांबूस थर, त्याखाली माती राखाडी-काळी. ऑक्सिजन हवेतून जातो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यातून जातो आणि खालचा साठा मातीतले जिवाणू बघता बघता संपवतात. बी पाण्याने फुगतं, पण कोंब काढायला त्याला श्वास हवा. भाताचं बी त्याशिवायही कोंब काढतं, मूळ मात्र धरत नाही. पाखडाचीही एक जात तशीच चिवट आहे, त्यामुळे पाण्यातही चार-पाच काड्या दिसल्याच.

तीन आठवड्यांनी एका घमेल्यातलं पाणी ओतून दिलं. आठव्या दिवशी तिथेही गवत उभं! बी मेलं नव्हतं, हवेची वाट बघत होतं. हे बघून मला खरोखर धास्ती वाटली, कारण आमच्या तांबड्या जमिनीत पाणी मुळात ठरत नाही.

त्या जूनमध्ये पहिल्या पावसावर नांगरून तण मुद्दाम उगवू दिलं, मग चिखलणीत गाडलं. फोकणी सोडून लावणीच केली. रोप पाण्याच्या वर असतं आणि भात पोकळ वाटांनी मुळापर्यंत हवा पोचवतं, म्हणून त्याला उभं पाणी सोसतं. रोपांनी जीव धरल्यावर दोन इंच पाणी ठेवलं आणि रोज सकाळी बांधावरून फेरी मारली. बेणणी दीड दिवसात उरकली.

फक्त खालच्या कोपऱ्यात खेकड्याने बांध पोखरला होता. मी दोन दिवस गावाला गेलो होतो, परत आलो तेव्हा तिथली माती उघडी पडून भेगाळली होती. बीळ दगड-चिखलाने बुजवलं, पाणी पुन्हा चढवलं, तरी आठवड्याने नेमक्या तेवढ्याच तुकड्यात पाखडाची कोवळी पाती वर आली होती. ती मी एकेक करून हातानेच उपटली.